चार मैल राहिले होते

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत विमान ही बहुधा मान वर करून पाहण्याची वस्तु. वायुदलाचें यंत्र भुईवर उतरलेलें पाहावयास मिळतें तें निवडणुकीच्या दिवसांत. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूस जेथें मोटार पोंचणें कठीण अथवा धोक्याचें, तेथें मतदान घेणाऱ्या शिक्षक-कारकुनांस हेलिकॉप्टरनें नेऊन सोडतात. पाचोळा उडतो, गुरें उधळतात, सारें गांव गोळा होतें. पण यंत्र चालविणारा मनुष्य कोणाच्याहि ओळखीचा होत नाहीं. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर काळी कांच. तो कोणाचा कोण, कोणत्या गांवीं त्याची आई वाट पाहात असेल, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि आलें तरी तेवढ्यांत तो उडून गेलेला असतो. वैमानिकांविषयीं आपल्या समाजाची ओळख ही अशी धुरळ्यांतून झालेली आहे. म्हणून या महिन्यांत एका मराठी वैमानिकाची हकीकत घरांतील लहानथोरांस एकत्र बसवून सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर हे २०२५ सालीं राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे १० ऑगस्टला, निवर्तले. ज्या रात्रीमुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें, ती १२ ऑगस्ट १९७२ ची रात्र. तिला त्रेपन्न वर्षें पुरीं होण्यास दोनच दिवस उरले होते. वायुदलानें जाहीरपणें शोक प्रकट केला, वृत्तपत्रांनीं चार-दोन दिवस त्यांची छायाचित्रें छापिलीं, आणि मग नित्याचे विषय पुनः सुरू झाले. आम्हांस मात्र तो मनुष्य मनांतून जाईना.

१९६३ सालीं ते वायुदलांत अधिकारी म्हणून रुजू झाले. दोनच वर्षांनीं पाकिस्तानाशीं युद्ध जुंपलें. हंटर जातीचें विमान घेऊन गेले असतां शत्रूच्या गोळीनें विमान जायबंदी झालें आणि त्यांच्या उजव्या खांद्यास जखम झाली. तुकडीच्या प्रमुखाचा सल्ला पडला, कीं विमान सोडून द्यावें आणि हवाई छत्रीनें उतरावें. तो त्यांनीं ऐकिला नाहीं. जखमी खांद्यानिशीं तें मोडकें विमान त्यांनीं तळावर आणून सुखरूप उतरविलें, आणि त्याबद्दल त्यांस वायुसेना पदक मिळालें. वरिष्ठाचा सल्ला न मानणें हा गुण कीं अवगुण, याचा निकाल विमान परत आलें कीं नाहीं यावर लागत असावा. तें कांहींहि असो. तेवीस वर्षांच्या त्या तरुणाचा स्वभाव येथेंच दिसून आला.

पुढें डिसेंबर १९७१. आतां ते फ्लाइट लेफ्टनंट होते आणि हातीं रशियन बनावटीचें सुखोई-७ विमान होतें. आपण कधीं शत्रूच्या हातीं सांपडलों तर पळून येऊं, असें त्यांनीं आपल्या स्क्वॉड्रनच्या प्रमुखास आधींच बोलून दाखविलें होतें. बोलणें सोपें असतें. १० डिसेंबरला त्यांचें विमान पाडलें गेलें, ते छत्रीनें खालीं आले आणि पकडले गेले. त्यांची रवानगी रावळपिंडीच्या छावणींत झाली. तेथें डझनभर भारतीय वैमानिक एकत्र कैदेंत होते. कोणाची पाठ दुखावलेली, कोणाचे हातपाय मोडलेले. १७ डिसेंबरला युद्ध थांबलें, २ जुलै १९७२ रोजीं सिमल्याचा करार झाला; पाकिस्तानचे ९३,००० कैदी आपल्याकडे होते. तरी या मंडळींच्या सुटकेचा दिवस कांहीं ठरेना. वाटाघाटींचें चक्र मोठें असतें, आणि त्यांत सांपडलेला मनुष्य फार लहान असतो.

छावणींत त्यांचें हालहवाल फारसें वाईट नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे. पुस्तकें मिळत, खेळावयास मिळे, जिनीव्हा येथील करारान्वयें युद्धबंद्यांस द्यावयाचा मासिक भत्ताहि मिळे. आज ना उद्यां घरीं जावयाचेंच आहे, मग जिवावर उदार कशास व्हावें, असें कोणा शहाण्यास वाटलें तर त्यास नांवें ठेवतां येणार नाहींत. परुळकरांस तसें वाटलें नाहीं. कैदेंत पडला म्हणून सैनिकाची चाकरी संपत नाहीं, संधि मिळेल तर निसटणें हें त्याचें कामच आहे, असें त्यांचें मत. भत्त्याचे पैसे सांठूं लागले. जुन्या नकाशावरून वाटा पाहिल्या गेल्या. शिवणाच्या सुईला चुंबकत्व आणून तिचें होकायंत्र केलें. हवेंत वैमानिकाच्या अंगाभोंवतीं दाब ठेवण्यासाठीं जो पोशाख असतो, त्याच्या रबरी नळ्या पाणी सांठविण्यास उपयोगीं आणण्याची युक्ति निघाली. आणि रात्रीं, पहारा चुकवून, कोठडीच्या विटांच्या भिंतीस भोंक पाडण्याचें काम सुरू झालें. खरडलेली माती लपवावयाची, सकाळ होण्यापूर्वीं सर्व जसेंच्या तसें दिसेल अशी व्यवस्था करावयाची, आणि दिवसभर पहारेकऱ्यांशीं हंसून बोलावयाचें. आमच्या वाचकभगिनींस ठाऊक आहे, कीं एकत्र कुटुंबांत एखादी गोष्ट आठ दिवस झांकून ठेवणेंहि किती कठीण. येथें तर बारा जणांनीं ती कित्येक आठवडे झांकिली.

जाणारे तिघे ठरले: परुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. १२ ऑगस्टच्या रात्रीं तुफान वावटळ सुटली. पहारेकरी डोकें झांकून आडोशास बसले, आणि त्या धुळींत हे तिघे भोंकांतून बाहेर पडून हमरस्त्यास लागले. अंगावर त्या मुलखास शोभेल असा वेष, तोंडीं ख्रिस्ती नांवें, आणि कोणीं विचारलेंच तर सांगण्यास एक गोष्ट, कीं आपण लाहोरच्या विमानतळावरचे पाकिस्तानी वायुदलाचे लोक असून रजेवर फिरावयास निघालों आहों. उत्तररात्रीं त्यांनीं पेशावरची बस धरिली. तेथून टांग्यानें जमरूदच्या वाटेस लागले, आणि पुढें खैबर खिंडींतून बसनें लंडी कोतल. सकाळचे साडेनऊच्या सुमारास ते त्या गांवीं उतरले. अफगाणिस्तानची सरहद्द तेथून चार-पांच मैल. इतक्या प्रवासांत कोणासहि संशय आला नव्हता.

पण जुन्या नकाशानें दगा दिला. त्या नकाशांत सरहद्दीलगत लंडी खाना नांवाचें रेल्वे स्टेशन होतें. खैबरची ती रेल्वे १९२६ सालीं तेथवर नेली होती खरी, पण ते स्टेशन १९३२ सालींच बंद पडलें होतें. चाळीस वर्षांपूर्वीं मोडलेल्या स्टेशनाची वाट हे तीन अनोळखी गृहस्थ एका दुकानावर विचारूं लागले. तहसील कचेरींतील एका कारकुनाच्या तें लक्षांत आलें. त्या वर्षीं पश्चिम पाकिस्तानांत अडकून पडलेले बंगाली लोक अफगाणिस्तानच्या वाटेनें आपल्या नव्या देशास निसटत असत. त्याला वाटलें, हेहि बंगालीच. तिघांस धरून नेलें. झडती झाली, उलटतपासणी झाली, आणि सरहद्दीवरच्या त्या मुलखांत पळपुट्या बंगाल्याचें काय होईल याचा भरंवसा राहिला नाहीं.

या क्षणीं परुळकरांनीं जें केलें, तें आम्हांस भिंत फोडण्याहून मोठें वाटतें. पाकिस्तानी वायुदलाच्या प्रमुखांचे एक साहाय्यक अधिकारी स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद हे पूर्वीं त्यांच्याच छावणीचे मुख्य होते आणि कैद्यांशीं माणुसकीनें वागत. त्यांस दूरध्वनि करूं द्यावा, असा आग्रह परुळकरांनीं धरिला. दूरध्वनि लागला. हे आमचे कैदी आहेत, यांस इजा होऊं देऊं नका, असें पलीकडून सांगण्यांत आलें, आणि तिघांचे प्राण वांचले. सुटकेचा बेत फसला असें दिसतांच अभिमान बाजूस ठेवून दोन सोबत्यांच्या जिवाची काळजी पाहणें, आणि शत्रूंतहि विश्वास टाकण्याजोगा मनुष्य कोण हें बिनचूक आठवणें, याला निराळें मनोधैर्य लागतें.

आमच्याकडे पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. पलीकडच्या तीरावरचीं घरें डोळ्यांस दिसतात, धूर दिसतो, आणि अलीकडचा मनुष्य मोटारींत बसून राहतो. उरलेलें अंतर थोडें असलें म्हणजे दुःख थोडें होतें असें नाहीं, हें आमच्या भागांतील मनुष्यास समजावून सांगावें लागत नाहीं.

या प्रकरणाची दुसरी बाजूहि घरांत बोलली जावी. तिघे गेले, पण मागें राहिलेल्यांचें काय? पहारा कडक झाला आणि पुढें साऱ्यांनाच लायलपूरच्या तुरुंगांत हलविण्यांत आलें. पळालेल्या युद्धबंद्यास पुनः पकडल्यास केवळ शिस्तभंगाची शिक्षा द्यावी, तीहि तीस दिवसांहून अधिक नसावी, असा जिनीव्हा कराराचा नियम आहे. पण हे तिघे निघाले तेव्हां सरहद्दीवरचा शिपाई तो नियम वाचून बंदूक उचलील अशी कोणाची समजूत नव्हती. तेव्हां हें धाडस केवळ स्वतःच्या जिवावर नव्हतें, त्यांत इतरांच्या सुखाचाहि वांटा होता. तरी त्या इतरांनींच होकायंत्र बनविण्यास आणि गुपित सांभाळण्यास हातभार लाविला. आम्हीं या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. ज्याच्यासाठीं मागें राहणारे आपली होणारी गैरसोय जाणून-बुजून पत्करतात, तो मनुष्य लोकांस का आवडत असे हें निराळें सांगावयास नको. लोकप्रियता ही गोड बोलण्यानें मिळते असा आपल्याकडे एक समज आहे. परुळकर विनोदी व बोलके होते खरे, परंतु बारा कैदी विनोदासाठीं भिंत फोडूं देत नसतात.

१ डिसेंबर १९७२ रोजीं वाघा येथून सहाशेंहून अधिक भारतीय युद्धबंदी परत आले, त्यांत हे वैमानिकहि होते. या पलायनाच्या नेतृत्वाबद्दल परुळकरांस पुढें विशिष्ट सेवा पदक देण्यांत आलें. न साधलेल्या गोष्टीबद्दल पदक मिळाल्याचीं उदाहरणें थोडींच असतील. वायुदलानें त्यांचा खरा उपयोग करून घेतला तो मात्र पुढें, तरुण मुलें हातीं देऊन. वायुदलाच्या अकादमींत त्यांनीं अधिकारपदें भूषविलीं, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत बटालियन कमांडर म्हणून काम केलें. सतरा-अठरा वर्षांच्या, नुकत्याच घर सोडून आलेल्या मुलांपुढें असा मनुष्य उभा राहिला म्हणजे पाठ्यपुस्तकाची गरज थोडी कमी होत असेल.

परत आलेल्यांविषयीं लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें एक न आलेला मनुष्य येतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. त्याच युद्धांत, ५ डिसेंबरला, त्यांचें विमान पडलें. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी; संसार दीड वर्षांचा. तांब्यांशीं मिळतें-जुळतें एक नांव पाकिस्तानांतील वृत्तपत्रांत पकडलेल्यांच्या यादींत छापून आलें होतें. वाघ्याच्या त्या दिवशीं मात्र ते आले नाहींत. दमयंतीबाईंनीं आशा सोडली नाहीं. वर्षानुवर्षें सरकारदरबारीं खेटे घातले. २००७ सालीं बेपत्ता सैनिकांचे नातलग पाकिस्तानांतील तुरुंग पाहून आले, तरी कांहीं हातीं लागलें नाहीं. अशा न परतलेल्यांची संख्या ५४ सांगतात. परुळकरांचा फसलेला बेत आणि तांब्यांची रिकामी जागा या दोन गोष्टी एकाच युद्धाच्या आहेत, आणि आम्हांस त्या वेगळ्या करून सांगतां येत नाहींत.

आतां थोडें आपल्या घरांविषयीं. पांढरपेशा कुटुंबांत वीरांच्या कथा आवडीनें वाचल्या जातात, गणेशोत्सवांत सैनिकांचा सत्कारहि होतो. पण बारावीच्या मुलानें प्रबोधिनीचा अर्ज आणिला कीं माजघरांत बोलणें एकाएकीं थांबतें. आजी देवापुढें जाऊन बसते, काका अभियांत्रिकीच्या जागांचा हिशेब काढतात, आणि वडील म्हणतात, आधीं पदवी तर पदरांत पडूं दे. अर्ज मुलीनें आणिला, तर मग विचारूंच नये. २०२२ पासून प्रबोधिनींत मुलींनाहि प्रवेश आहे, हें पुष्कळ घरांत अजून पोंचावयाचें आहे. या भीतीस आम्ही हंसत नाहीं. दमयंतीबाईंची हकीकत वाचून ज्या आईस भीति वाटणार नाहीं, ती आई नव्हे. पण भीति बाळगावयाची असेल तर ती खऱ्या माहितीवर बाळगावी, ऐकीव गोष्टींवर नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आमच्या जिल्ह्यास सैन्य अगदींच परकें आहे असेंहि नाहीं. भद्रावतीस दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे; १९६४ सालीं चांद्याचें चंद्रपूर झालें, तरी त्या कारखान्याच्या नांवांत चांदा अद्याप टिकून आहे. दारूगोळा येथें, आणि त्याचा उपयोग करणारे दुसऱ्यांच्या घरचे, असें पुष्कळ वर्षें चाललें. २०१९ पासून चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरजवळ सैनिकी शाळा सुरू झाली आहे. ज्यांच्या घरीं पांचवी-सहावींतील मुलें आहेत त्यांनीं सुट्टीच्या दिवशीं तो रस्ता धरण्यास हरकत नाहीं.

परुळकरांच्या पलायनावर फेथ जॉन्स्टन या लेखिकेनें २०१३ सालीं ‘फोर माइल्स टु फ्रीडम’ नांवाचें इंग्रजी पुस्तक लिहिलें आहे. घरांत ज्याचें इंग्रजी चांगलें असेल त्यानें रात्रीं जेवणें झाल्यावर तें थोडें थोडें मराठींत सांगावें; आठ-दहा रात्रींत पुरें होईल. जवळ नकाशाचें पुस्तक मात्र असूं द्यावें. पेशावर सांपडेल, लंडी कोतलहि सांपडेल. लंडी खाना सांपडलें, तर तें पुस्तक कोणत्या सालचें आहे तें मुलांना आधीं पाहावयास सांगावें.