जो फ्रेझरचं देणं

मुहम्मद अलीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. व्हिएतनाम युद्धात जायला नकार देऊन त्याने जगज्जेतेपद, खेळण्याचा परवाना आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गमावली. त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण या लेखनात जो फ्रेझरच्या वाट्याला काय येतं? अलीशी तीन लढती, एक जिंकलेली, दोन हरलेल्या. अली किती मोठा होता हे सांगण्यापुरतं त्याचं नाव येतं आणि लेख पुढे सरकतो. मला हा अन्याय वाटतो. म्हणून या आठवड्याची सगळी जागा फ्रेझरची.

त्याचा जन्म 12 जानेवारी 1944 चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, समुद्रकाठच्या गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्तीत. वडील रूबिन यांचा डावा हात गोळी लागून निकामी झाला होता. एका हाताने शेतातली कामं ओढणाऱ्या बापाबरोबर लहानगा जो सतत असे, दुसरा हात म्हणून. घरात टीव्ही आल्यावर नातेवाईक बॉक्सिंग बघायला जमायचे. हा पोरगा दुसरा जो लुई होणार, त्या विख्यात हेवीवेट जगज्जेत्यासारखा, असं एका काकाने म्हटलं आणि पोराने ते खरंच मनावर घेतलं. गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, दाणे काढलेली कणसं आणि मधोमध एक वीट भरून त्याने ते झाडाला टांगलं. वर्षानुवर्षं तो रोज त्यावर ठोसे मारत राहिला.

त्या काळातलीच एक दुखापत त्याच्या कारकिर्दीच्या मुळाशी आहे. डुक्कर मागे लागलं म्हणून पळताना तो पडला आणि डाव्या हाताला मोठी इजा झाली. डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते. हात जसा जुळेल तसा जुळला आणि पुन्हा कधीच पूर्ण सरळ झाला नाही. कोपरात कायमचा वाकलेला हा हात लांबून जॅब मारायला कामाचा नव्हता. पण आखूड, गोलाकार येणाऱ्या लेफ्ट हुकसाठी तो जणू आधीच तयार होऊन बसला होता.

पंधराव्या वर्षी त्याने गाव सोडलं. एका गोऱ्या शेतमालकाने लहान मुलाला पट्ट्याने मारलं, ते फ्रेझरने इतरांना सांगितलं आणि त्याची तिथली मजुरी संपली. दक्षिणेत असं तोंड उघडणाऱ्या काळ्या पोराचं काय होतं हे आईला ठाऊक होतं. तिनेच त्याला जा म्हटलं. आधी न्यू यॉर्क, मग फिलाडेल्फिया. तिथे तो एका कत्तलखान्यात लागला. शीतगृहात टांगलेल्या गोमांसाच्या धडांवर तो ठोसे मारून बघायचा आणि पहाटे शहरात धावायचा. वजन फार वाढलं म्हणून पोलिसांच्या क्रीडा मंडळाच्या व्यायामशाळेत गेला आणि तिथे यान्सी डरहॅम या प्रशिक्षकाच्या नजरेत भरला.

1964 च्या टोकियो ऑलिंपिकला तो राखीव म्हणून गेला होता. निवड स्पर्धेत त्याला हरवणारा बस्टर मॅथिस जखमी झाला आणि फ्रेझरला संधी मिळाली. उपांत्य लढतीत त्याच्या डाव्या अंगठ्याचं हाड मोडलं. त्याने ते फारसं कुणाला कळू दिलं नाही. अंतिम लढतीत जर्मनीच्या हान्स हुबरविरुद्ध तो 3-2 अशा निसटत्या निकालाने जिंकला. त्या वर्षी अमेरिकेला बॉक्सिंगमध्ये मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. परत आल्यावर मात्र मोडक्या हातामुळे कत्तलखान्यातलं काम जमेना आणि घरखर्चाला इतरांची मदत घ्यावी लागली.

1965 साली फिलाडेल्फियातल्या काही गुंतवणूकदारांनी ‘क्लोव्हरले’ नावाची कंपनी काढून त्याची कारकीर्द पुरस्कृत केली. मार्च 1968 मध्ये त्याने त्याच मॅथिसला हरवून न्यू यॉर्क राज्याच्या मान्यतेचं जगज्जेतेपद घेतलं. फेब्रुवारी 1970 मध्ये जिमी एलिसला पाच फेऱ्यांत संपवून तो निर्विवाद जगज्जेता झाला.

त्याच्या शैलीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ती दिसते साधी आणि आहे भयंकर महाग. हेवीवेटमध्ये सहा फुटांपेक्षाही किंचित कमी उंची, वजन साधारण 93 किलो. समोरचे बहुतेक सगळे उंच आणि लांब हातांचे. अशा माणसाने दूर उभं राहणं म्हणजे फुकट मार खाणं. फ्रेझर कमरेतून खाली वाकायचा, डोकं आणि खांदे सतत डावी-उजवीकडे हलवत, प्रतिस्पर्ध्याचे ठोसे डोक्यावरून जाऊ देत पुढे सरकायचा. एकदा छातीशी भिडला की आधी बरगड्या आणि पोट, मग हात खाली आले की जबड्यावर लेफ्ट हुक. त्याच्या तोंडातून प्रत्येक ठोशाबरोबर हुंकार निघायचा. तो मागे जात नसे, विश्रांती देत नसे. पण आत शिरताना चारातले दोन ठोसे हुकवले तरी दोन लागतातच, आणि हेवीवेटचे ते दोन ठोसे शरीर विसरत नाही. ही शैली निवडणाऱ्याने कारकीर्द लवकर संपणार हे मान्य केलेलं असतं. फ्रेझरची खरी कारकीर्द अकरा वर्षांतच आटोपली.

आता अली. 1967 ते 1970 या बंदीच्या काळात अलीकडे कमाई नव्हती. फ्रेझरने त्याला पैसे दिले आणि परवाना परत मिळावा म्हणून त्याच्या बाजूने बोलला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडेही आपण शब्द टाकला होता, असं तो पुढे सांगत असे. यात थोडा स्वार्थ होताच, कारण अलीला हरवल्याशिवाय जग आपल्याला खरा विजेता मानणार नाही हे फ्रेझरला कळत होतं. तरीही अडचणीतल्या माणसाला त्याने हात दिला होता.

8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले. दोघेही अपराजित, दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलरची हमी. त्याआधीच्या आठवड्यांत अलीने फ्रेझरला गोऱ्यांचा हुजऱ्या ठरवलं. काळ्या माणसाला काळ्या माणसाने दिलेली त्याहून मोठी शिवी अमेरिकेत नव्हती. याचा परिणाम केवळ तिकीटविक्रीवर झाला नाही. फ्रेझरला ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं, शाळेत मुलांना टोमणे ऐकावे लागले.

अलीच्या चाहत्यांनी इथे थोडं थांबावं. लुईव्हिलमध्ये शहरात वाढलेल्या अलीची व्यावसायिक कारकीर्द ज्यांच्या पैशावर सुरू झाली ते अकराही जण गोरे व्यापारी होते. त्यात काही गैर नव्हतं. मग फ्रेझरच्या क्लोव्हरलेत काय गैर होतं? दोघांमध्ये कापसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतात राबलेला, गोऱ्या मालकाशी बिनसलं म्हणून गाव सोडावं लागलेला माणूस फ्रेझर होता. अलीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. जिंकण्यासाठी समोरच्याला डिवचायचं, ही त्याची युक्ती होती. ती प्रत्येकावर त्याने वापरली. पण मदत करणाऱ्या माणसावर त्याच्याच समाजाला सोडायचं, याला खेळातला डाव म्हणता येत नाही.

लढतीत फ्रेझर पंधरा फेऱ्या पुढे पुढेच येत राहिला. प्रशिक्षक मंडळींतल्या एडी फच यांनी एक बारीक गोष्ट हेरली होती: अली उजव्या हाताचा अपरकट मारतो तेव्हा त्याची हनुवटी क्षणभर उघडी पडते. पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हात तिथेच पोचला आणि अली पाठीवर आडवा झाला. तो लगेच उठला, हा अलीचा मोठेपणा. तिन्ही गुणपत्रिका मात्र फ्रेझरच्या बाजूने होत्या. लढतीनंतर फ्रेझरचा चेहरा इतका सुजला होता की विजेता कोण हे पाहणाऱ्याला सांगावं लागलं असतं. त्याला काही काळ रुग्णालयात काढावा लागला. पुढच्याच महिन्यात तो दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे भाषणाला उभा राहिला. ज्या राज्यातून पोरवयात निघून जावं लागलं तिथेच.

जानेवारी 1973 मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. फोरमनचे खालून वर येणारे प्रचंड ठोसे वाकून पुढे येणाऱ्या माणसासाठीच बनले होते. सहाही वेळा फ्रेझर उठला. पुढच्या वर्षी अलीविरुद्धची दुसरी लढत तो गुणांवर हरला.

आणि मग मनिला, 1 ऑक्टोबर 1975. अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी लढत सकाळी ठेवलेली, बंद सभागृहात दिव्यांखाली प्रचंड उकाडा. अलीने आधी खेळण्यातल्या गोरिलावर फ्रेझरची नक्कल करून पत्रकारांना हसवलं होतं. पहिल्या काही फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझरच्या, शेवटच्या पुन्हा अलीच्या. चौदाव्या फेरीत फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद झाला. डाव्या डोळ्याने त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं आणि हे त्याने वर्षानुवर्षं लपवलं होतं. तपासणीत हात बदलून तोच डोळा झाकायचा, असं त्याने पुढे स्वतः सांगितलं. म्हणजे शेवटच्या मिनिटांत तो जवळजवळ आंधळा लढत होता. परवाना देणाऱ्या यंत्रणांना इतकी वर्षं हे कळलं नाही, ही त्या धंद्याची कायमची नामुष्की आहे.

डरहॅम 1973 मध्येच वारले होते, कोपऱ्यात आता एडी फच होते. फच यांनी रिंगमध्ये जिवाला मुकलेली माणसं पाहिली होती. एकच फेरी उरली होती, फ्रेझर नको नको म्हणत होता, पण त्यांनी त्याला बसवलं आणि लढत सोडली. गुणांवर अली पुढे होताच, पण पलीकडच्या कोपऱ्यात त्याचीही उभं राहायची ताकद संपली होती. जिंकल्यावर तो रिंगमध्येच कोसळला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं अली म्हणाला. फ्रेझरने तो निर्णय मनोमन कधी स्वीकारला नाही. माझ्या मते खेळाच्या इतिहासात प्रशिक्षकाने घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

1976 मध्ये फोरमनकडून पुन्हा हरल्यावर तो निवृत्त झाला. 1981 मधल्या एका पुनरागमनाच्या लढतीत बरोबरी झाली आणि तिथे सगळं थांबलं. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याची व्यायामशाळा होती. तिथे तो मुलांना शिकवायचा आणि कित्येक वर्षं वरच्याच मजल्यावर राहायचा. 2008 मध्ये ती बंद पडली आणि त्या जागेत फर्निचरचं दुकान आलं.

अलीबद्दलचा राग त्याने सोडला नाही. 1996 मध्ये कंपवाताने थरथरत्या हातांनी अलीने अटलांटाची ऑलिंपिक ज्योत पेटवली तेव्हा फ्रेझर जे बोलला ते क्रूर होतं आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. पण 1971 च्या शब्दांबद्दल अलीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली ती 2001 मध्ये, एका वर्तमानपत्रातून. तीस वर्षं जुनी जखम वर्तमानपत्रातून भरत नाही. 7 नोव्हेंबर 2011 ला यकृताच्या कर्करोगाने फ्रेझर गेला. अंत्यविधीला आजारी अली आला होता.

शहरानेही त्याला थांबायला लावलं. 1976 च्या ‘रॉकी’ चित्रपटाचा नायक मांसाच्या धडांवर ठोसे मारतो आणि फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढतो. हे दोन्ही आपल्या आयुष्यातून उचललं आहे, असं फ्रेझर सांगत असे. त्या काल्पनिक बॉक्सरचा ब्राँझचा पुतळा 2006 पासून त्या पायऱ्यांशी आहे आणि जगभरचे पर्यटक तिथे फोटो काढतात. फ्रेझरचा पुतळा उभा राहायला 2015 साल उजाडलं, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

सदतीस लढती, बत्तीस विजय, त्यातले सत्तावीस नॉकआउटने. चार पराभव, तेही फक्त अली आणि फोरमन या दोघांकडून. 1971 च्या लढतीचं चित्रण आज सहज बघायला मिळतं. वाचकांनी ते जरूर पाहावं आणि पंधराही फेऱ्या नजर फ्रेझरवर ठेवावी.