कोऱ्या मोटारीचा हट्ट आणि हप्त्यांचे जोखड

नोकरी कायम झाली, की वर्षभरात दारात कोरी करकरीत मोटार उभी राहिलीच पाहिजे, असा अलिखित नियम आपल्या नोकरदार वर्गात होऊन बसला आहे. मोटार घेण्याला आमचा विरोध नाही. ज्यांच्या आईबापांनी जन्मभर पायपीट केली, त्यांनी मोटारीत जरूर बसावे. पण ती कोरीच कशाला हवी? त्या कोरेपणाची किंमत कधी कुणी मोजली आहे काय?

शोरूममध्ये ६ लाख रुपये किंमत असलेली पेट्रोल मोटार धरा. महाराष्ट्रात अशा खासगी मोटारीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर, म्हणजे ६६ हजार रुपये, नोंदणीच्या वेळीच जातात. हा कर पहिला मालक भरतो. तीच गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली, तर दुसऱ्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. विम्याच्या घसारा कोष्टकात तीन वर्षे उलटलेल्या मोटारीचे मूल्य ४० टक्क्यांनी कमी धरले जाते, म्हणजे ६ लाखांचे ३ लाख ६० हजार उरतात. बाजारभाव देखभालीप्रमाणे थोडा खालीवर होईल, पण मोठी घसरण पहिल्याच मालकाच्या खिशातून झालेली असते.

जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर जास्त असतो, हा आक्षेप खरा आहे. तरी हिशेब करून पाहा. ६ लाख रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर व्याजापोटी सुमारे २ लाख ११ हजार जातात. ३ लाख ६० हजार रुपये १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर सुमारे १ लाख २० हजार. नव्वद हजारांचा हा फरक मुलामुलींच्या शिक्षणाला कमी पडतो काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, मग आता जुनी कशाला, असेही कोणी म्हणेल. नवी स्वस्त झाली, की जुनीचा भावही उतरतो. घासाघीस करताना विक्रेत्याने तेव्हा किती मोजले ते ऐकत बसू नये, आजची शोरूमची किंमत त्याच्यापुढे ठेवावी.

मात्र हा सगळा फायदा कागदावर अवलंबून आहे, आणि आपले लोक नेमके तिथेच ढिले पडतात. ओळखीचा माणूस आहे, नाव नंतर करू, असे म्हणून किल्ली घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बोजा न उतरवता घेतलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचे कर्ज आपल्या दारात आणून उभे करणे होय.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एका मालकाने २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे हातोहात गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याचेच होते. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. गाडी नाही, पैसे कधीच खर्चून गेलेले, आणि अंगावर हुकूमनामा!

विम्याचेही तसेच. त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, ती त्याच्या नावाची असते. म्हणून बयाणा देण्याआधी थकीत चलने आणि बोजा ऑनलाइन तपासावा, आपला मेकॅनिक सोबत न्यावा, पैसे धनादेशाने द्यावेत, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मधल्या तासाभरात गाडीने कुणाला धडक दिली, तर कोर्टात तोच कागद उपयोगी पडतो.