वस्तीची हवा वस्तीने मोजावी!

चवदार तळे सर्वांना खुले आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. हवेचा ठरावही असाच दप्तरात आहे. अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म धूलिकण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, हे मानक २००९ पासून देशभर लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून १५ म्हणते. पण गोवंडीच्या गल्लीत ते पाळले जाते की नाही, हे सांगणार कोण? परिसरात सरकारी केंद्र आहे, पण ते प्रत्येक गल्लीतला धूर मोजत नाही आणि मध्यरात्रीचा धूर २४ तासांच्या सरासरीत विरघळून जातो.

शहराचा कचरा देवनारला आणि शहराने उठवलेली माणसेही तिकडेच, हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही. माहुलची हवा आरोग्याला घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितले. तरीही तानसा जलवाहिनीवरून उठवलेल्या कुटुंबांना तिथेच धाडले गेले. लोक फुटपाथवर बसले, कोर्टात लढले, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलची सक्ती थांबवून दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

आता काही हजार रुपयांत हवा मोजणारी यंत्रे मिळतात. जयंतीच्या डीजेचा खर्च एक वर्ष वाचवला तरी दोन-चार यंत्रे बुद्धविहाराच्या गच्चीवर बसतील. (मंडळांच्या कार्यकर्त्यांनी रागावू नये, विचार करावा.) मात्र यंत्राची जात ओळखून घ्यावी! ते प्रकाशझोतात कण टिपते, म्हणून पावसाळी दमट हवेत आकडा फुगतो. आधी काही आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून फरक नोंदवावा लागतो. शिवाय ते धूळ मोजते, रसायनांचे वायू नव्हे. माहुलचे दुखणे मुख्यतः वायूंचे, तिथे हे यंत्र ‘सर्व ठीक’ दाखवील आणि कंपन्यांचे वकील तोच कागद कोर्टात फडकवतील. म्हणून सोबत वही हवी. वास कधी आला, वारा कुठून होता, कोणाला धाप लागली, हे तारीख-वेळेसह आमच्या शिकलेल्या पोरीपोरांनी रोज लिहावे.

मंडळ म्हणेल, तुमचे यंत्र प्रमाणित नाही. मग प्रमाणित यंत्राची गाडी घेऊन वस्तीत या! याच प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी कानपूरच्या साथीने २०२०-२१ मध्ये मुंबईत अशा स्वस्त यंत्रांची चाचणी घेतली होती. सरकारच्या हातात जे यंत्र चालते, ते आमच्या हातात आले की बाटते काय? वस्तीच्या वहीतील नोंद रीतसर तक्रार म्हणून दाखल करून घ्यावी, तपासणी ठरलेल्या मुदतीत व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत विहाराच्या फलकावर लागावा, ही आमची मागणी आहे.