शेंडेनक्षत्राची वाट

मैत्रिणींनो, पनवेलची एक वाचक लिहिते, "माझा जन्म १९८६ चा, हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षीचा. सासूबाई अजून ऐकवतात, शेंडेनक्षत्राची पोर! त्याला स्वतःची वाटसुद्धा धड पाळता येत नाही."

ताई, वाट बदलते हे खरंच. १८३५ ते १९१० ही फेरी सुमारे साडेचौऱ्याहत्तर वर्षांची, १९१० ते १९८६ ही जवळजवळ शहात्तर. पण ह्यात लहर कसली? धूमकेतू म्हणजे बर्फ नि धुळीचा गोळा. गुरू-शनीसारखे जड ग्रह त्याला ओढतात. वेग बदलला की वाटही बदलते. शिवाय सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ जोरात बाहेर पडते नि गोळ्याला उलटा धक्का बसतो.

हा ग्रहांच्या ओढीचा हिशेब पॅरिसमध्ये निकोल-रेन लपोत ह्या बाईंनी क्लेरो व लालांद यांच्याबरोबर महिनोन्‌महिने बसून केला. १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास तो सूर्यापाशी पोचेल असं निघालं; पोचला १३ मार्चला!

जे गणितात बसतं, ते अपशकुनी कसं? हॅले २०६१ साली परत येणार आहे. सासूबाईंना चहा देताना हे सांगा, अगदी हसत.