आवरणाखालचे लोखंड

गेल्या मंगळवारी पावसाची सर ओसरल्यावर वाकोला पुलाजवळ केबिन पुढे कलवून उभ्या असलेल्या एका दहाचाकी मालट्रकात मी डोकावलो, तो ज्या प्रकाराविषयी या स्तंभातून दोनदा हटकले होते तोच पुन्हा दृष्टीस पडला. मॅनिफोल्डपासून टर्बोपर्यंत आणि तेथून सायलेन्सरच्या नळीपर्यंत काचतंतूची पट्टी करकचून गुंडाळलेली होती व तिच्यातून पाणी ठिबकत होते. “साहेब, याने गाडी घाटात उचल घेते,” असे चालकाने मला विश्वासाने सांगितले.

त्याचे म्हणणे निराधार नाही. टर्बोचे चक्र फिरते ते इंजिनातून निघणाऱ्या वायूच्या दाबावर आणि उष्णतेवर. ती उष्णता वाटेतच सांडली तर चक्राच्या पदरी तितकी ऊर्जा कमी पडते. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 च्या मालट्रकांत युरियाचे द्रावण फवारून विषारी नायट्रोजन ऑक्साइडे निवारणारे जे यंत्र असते, ते सुमारे 200 अंश सेल्सिअसखाली नीट काम करीत नाही, म्हणून द्रुतगती मार्गावरच्या रांगत्या वाहतुकीत धूर गरम राखणे हे घाटातल्या उचलीहूनही थोर प्रयोजन होय. मात्र त्याची तजवीज कारखान्यातच, पत्र्याच्या कवचात बसवलेल्या आवरणाने, केलेली असते.

उष्णता जपण्याची विद्या या मुंबई शहराला टर्बोने शिकवलेली नाही. ताडदेवची पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली तेव्हापासून वाफ म्हणजे कोळसा आणि कोळसा म्हणजे रोकड, हे गिरणगाव जाणून होते, आणि म्हणून बॉयलरला व वाफेच्या नळांना लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, चढे. त्यातल्या अ‍ॅसबेस्टॉसने कामगारांची फुप्फुसे जाळली, हे मी विसरत नाही. परंतु 1923 च्या बॉयलर कायद्यान्वये दाखल्याची मुदत बारा महिन्यांपलीकडे नसे. ती सरताच बॉयलर थंड करून निरीक्षकापुढे ठेवावा लागे, आणि त्याने फर्मावले तर लॅगिंग सोलून खालचा पत्राही दाखवावा लागे. आवरण घालण्याची मुभा होती, पण आवरणाखाली काय चालले आहे याचा जाब देण्याची जबाबदारी मालकावर होती.

मालट्रकाचे पासिंग पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल होते. त्यात ब्रेक, दिवे, धूर पाहतात, पण पट्टी सोडून लोखंड दाखव असे कोणी म्हटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. इकडे पावसाळ्याचे चार महिने पट्टी पाणी पिते, तापते, पुन्हा भिजते. तिच्याआड गंज धरतो आणि बारीक तडा झाकला जातो. तिच्यात डिझेल वा ऑइल मुरले, तर ती पेटण्यास वेळ लागत नाही. झाकलेला टर्बो इंजिन बंद केल्यावरही धगधगत राहतो आणि त्याच्या बेअरिंगमधले ऑइल करपते, म्हणून गाडी थांबवल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे, हे मी पुन्हा सांगतो.

गिरणीतल्या फिटरला हे सांगावे लागले नसते. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि त्यांच्याबरोबर हाताने लोखंड ओळखणारी माणसे पांगली, ही माझी जुनी तक्रार वाचकांना पाठ आहे. तिला आकड्यांचा आधार मी देऊ शकत नाही, तरी ती मागे घेण्यास माझे मन धजत नाही.

इंजिन निवालेले होते. माझ्या आग्रहास्तव चालकाने पट्टीचे दोन वेढे सोडले, तेव्हा नळीचा पोपडा सुटून त्याच्या ओल्या तळहातावर आला. तो त्याने बोटाने चुरला, क्षणभर पाहिला, आणि उरलेली पट्टी सोडायला क्लीनरला हाक मारली.