आधी परात, मग पाटी

हल्ली आमच्या ग्वाल्हेरला कुणाच्याही घरी जा, चहा यायच्या आधी पोराची परीक्षा सुरू होते. "बेटा, आंटीला ए फॉर ॲपल म्हणून दाखव." तीन वर्षांचं पोर भिंतीकडे बघत सव्वीस अक्षरं घडाघडा म्हणतं आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याच पोराला स्वतःच्या चपला घालता येत नाहीत, मोबाईल समोर धरल्याशिवाय घास उतरत नाही, याकडे कुणी बघत नाही. आई कौतुकानं सांगते, "याला ट्यूशन लावलीय." तीन वर्षांच्या पोराला ट्यूशन!

या विषयावर मला गोड बोलायचं नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तासभर वही-पेन्सिल घेऊन बसवणं हे शिक्षण नव्हे, ती अडवणूक आहे. आणि ही अडवणूक शाळेपेक्षा आपण घरातल्या बायकाच जास्त करतो. शाळेनं एक पान गिरवायला दिलं, तर आपण चार गिरवून घेतो.

आधी हाताचंच बघा. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयारही झालेली नसतात, ती पुढे कित्येक वर्षं घडत असतात. त्या हातानं बारीक रेघेत अक्षर बसवायचं म्हणजे मूल पेन्सिल मुठीत आवळणार, खांदा वर ओढणार, पाच मिनिटांत रडणार. मग आपण म्हणणार, "याचं अभ्यासात लक्षच नाही." पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र यावं लागतं. ती तीन बोटं तयार होतात चिमटीनं. आणि चिमटीची कामं कुठे असतात? वहीत नाही, स्वयंपाकघरात.

परातीत मूठभर तूरडाळ आणि मूठभर मूगडाळ एकत्र करा आणि दोन वाट्या समोर ठेवा. मूल एकेक दाणा उचलून वेगळा करेल. यात चिमूट आली, नजर आली, सारखं-वेगळं ओळखणं आलं. गणिताचा पाया हाच. हिवाळ्यात मटार सोलायला बसवा. एका शेंगेत पाच दाणे, दुसरीत सात, मग कुठे जास्त? हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं. जेवायच्या वेळी ताटं त्याला मांडू द्या. आजी, आजोबा, आई, बाबा, मी, म्हणजे पाच माणसं, पाच ताटं, पाच वाट्या. एका माणसाला एक ताट हे ज्याला हातानं कळलं, त्याला पाच हा आकडा कळला. नुसतं 'वन टू थ्री फोर फाइव्ह' म्हणणाऱ्याला आकड्यांचं गाणं येतं, आकडा येत नाही.

वाळलेले मोजे दिले की जोड्या लावणं आलं. रुमालाची घडी घातली की अर्धा आणि पाव आला, तिरकी घातली की त्रिकोण आला. तांब्यातलं पाणी पेल्यांत ओतताना एका तांब्यात किती पेले हे समजतं. पाणी सांडेल, सांडू द्या, पुसायचं फडकंही त्याच्याच हाती द्या. एवढंच, की दाण्यांचं काम करताना मोठ्या माणसानं जवळ बसायचं. या वयात मटार नाकात आणि शेंगदाणा घशात जायला वेळ लागत नाही.

आपल्या जैन घरांत तर हे शिक्षण आयतं आहे. धान्य निवडताना किडा दिसला तर तो चिरडायचा नाही, अलगद उचलून बाहेर सोडायचा. हे ज्या पोरानं आजीजवळ बसून केलं, त्याला बोटांवरचा ताबा आणि जीवदया एकाच वेळी मिळाली. ज्या घरात सूर्यास्ताआधी जेवण होतं, त्या घरातलं मूल भिंतीवरचं ऊन बघून वेळ ओळखतं. घड्याळाचं चित्र रंगवून त्याला काय मिळणार?

पण आपण काय करतो? मुलाला स्वयंपाकघरातून हाकलतो. "जा, पसारा करू नकोस." आणि मग बाजारातून रंगीत मण्यांचं खोकं विकत आणतो, त्यावर 'ॲक्टिव्हिटी किट' लिहिलेलं असतं. आत काय, तर वर्गीकरणाचे मणी आणि दोन वाट्या. म्हणजे जे काम घरात फुकट होतं, ते आधी काढून घ्यायचं आणि मग पैसे देऊन त्याची नक्कल आणायची.

निदान मराठी बायकांनी तरी असं करू नये, कारण हा मार्ग आपल्याच दोन बायकांनी दाखवला आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून आल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग होती, खेड्यात ती आणणार कोण? या बायकांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि त्यांवर मोजणं, लावणं, ओळखणं शिकवलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात, तिचं मूळ त्या अंगणात आहे. आदिवासी पाड्यावरच्या अंगणात जे जमलं, ते लश्करच्या तीन खोल्यांच्या घरात जमत नाही म्हणता?

सरकारला तरी उशिरा का होईना, हे पटलं. 1993 मध्ये यशपाल समितीनं सांगितलं, की नर्सरीच्या प्रवेशाला मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती नकोत. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षं हा एक सलग टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. धोरण कागदावर आलं, पण आपल्या घरातली धास्ती गेली नाही.

आणि ग्वाल्हेरकरांनी तर किल्ल्याकडे एकदा मान वर करून बघावं. किल्ल्याच्या वाटेवर चतुर्भुज मंदिरात सन 876 चा शिलालेख आहे. त्यातला शून्य बघायला जगभरातून लोक येतात. तो शून्य कशात आहे? 270 हात लांब आणि 187 हात रुंद अशी बाग देवळाला दिली आणि रोज 50 माळा द्यायच्या ठरल्या, या हिशोबात. बाग हातानं मोजली, फुलांच्या माळा मोजल्या, तिथे शून्य कामाला आला. आपण मात्र त्या शून्याच्या गावात पोराला शंभरपर्यंत आकडे लिहायला लावतो, आणि पलंग किती वीत लांब आहे हे मोजायला कधी सांगत नाही. आज सांगून बघा. त्याची वीत आणि बाबांची वीत वेगळी भरली, की पुढचा प्रश्न तेच विचारेल.

आता आपल्या समाजाबद्दल बोलते, राग आला तरी चालेल. पाठशाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तीन-चार वर्षांच्या मुलांना माईकसमोर उभं करून पाठांतराच्या स्पर्धा घेतल्या जातात. पहिला नंबर, दुसरा नंबर, बाकीच्यांना रडू. णमोकार मंत्र मुलाला यावाच, पण तो आजीच्या कुशीत, झोपताना, रोज कानावर पडून येतो. ज्या मंत्रात वंदनाच आहे, त्यात चार वर्षांच्या मुलाला हरवून दाखवायचं, ही कुठली प्रभावना?

म्हणतात, शाळेत प्रवेशाला विचारतात, म्हणून करून घ्यावं लागतं. विचारत असतील, तर आपण वीस आयांनी मिळून शाळेला जाब का विचारू नये? देवळाच्या कार्यक्रमाला आपण शंभर बायका जमवतो. म्हणतात, वेळ नाही. मी वेगळा वेळ मागतच नाही. डाळ निवडायचीच असते, कपड्यांच्या घड्या घालायच्याच असतात. मुलाबरोबर दहा मिनिटं जास्त लागतील एवढंच. आणि सून नोकरी करत असेल तर घड्या सासऱ्यांनी घालाव्यात, मटार बाबांनी सोलावेत, नातवाला शेजारी घेऊन. हे आईच्याच डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून मी मुळीच सांगत नाही. नातीला परात आणि नातवाला मोबाईल, असंही चालणार नाही.

आणखी एक. बाहेर सगळी हिंदी आहे, शाळेत इंग्रजी. मराठी शब्द मुलाच्या कानावर पडायची जागा आता घरच. सूप, चाळणी, पसा, मूठ, चिमूट, ओंजळ हे शब्द कुठल्याही वर्कशीटमध्ये येत नाहीत. काम करता करता बोला, ते आपोआप येतील.

आणि कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर "काही नाही, घरीच असते" हे म्हणणं आता बंद करा. घरात लहान मूल असेल तर तुमच्या घरात शाळा भरते. तिथे मुलाला आत येऊ द्या. आणि पाठशाळेची पुढची बैठक होईल तेव्हा पाच वर्षांच्या आतल्यांची स्पर्धा रद्द करा, हा ठराव आपण मांडायचा. मी हात वर करणार आहे. बघू, किती जणी करतात.