देकार्त हवा, दासोपंतही हवेत

नोकरी सांभाळून तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय म्हटलं, की शिरूर अनंतपाळचे मित्र 'पगार किती वाढेल?' विचारतात. माझा राग वेगळाच आहे. मी चाळलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमात 'आधुनिक तत्त्वज्ञान' देकार्तपासून कांटपर्यंत. देकार्त जन्मला १५९६ला. तेव्हा आपल्या अंबाजोगाईत दासोपंत (१५५१–१६१५) होते. सुमारे ४० फूट लांब कापडावर, पासोडीवर, त्यांनी पंचीकरण लिहिलं. देह म्हणजे मी नाही, मग मी कोण? प्रश्न दोघांचाही. पण एक तत्त्वज्ञ, दुसरा फक्त 'संतकवी'!

देकार्त नको असं नाही. त्याच्या अक्षांशिवाय माझ्या स्क्रीनवर ठिपकाही बसणार नाही. पण प्रवेश घेताना रँकिंग सोडा. एवढंच विचारा: इथे दोघांना एकाच तासाला शिकवणारं कुणी आहे का?